डॉक्टरांच्या विमानाची कन्नी

पतंग कुणी दुरुस्तीला आणत नाही. फाटला तर फाटला, कटला तर गेला, माणूस दुसरा घेतो. आकाशकंदील दिवाळीनंतर माळ्यावर जातो आणि पुढच्या दिवाळीला उंदरांनी शिल्लक ठेवलेला त्याचा सांगाडा खाली येतो. बाशिंग लग्नापुरतं, मखर गणपतीपुरतं, आणि ताबूत तर मोहरमला पाण्यात थंडे करण्यासाठीच बनवायचे. खामगावात आमच्या घराण्याचा हा कागदकामाचा धंदा. बांबू, कागद, खळ आणि भेंड यांवर आमची चूल पेटत आली, आणि ती पेटवायला सगळ्यांच्या देवांनी हातभार लावला, म्हणून मला कुठल्याच देवाबद्दल तक्रार करता येत नाही. पण या धंद्यात एक उणीव आहे. सुताराला जाता-येता आपण केलेला दरवाजा दिसतो, गवंड्याला आपली भिंत दिसते. आमच्या हातची वस्तू एकदा गेली की गेली. तारेवर अडकलेल्या काड्या दिसल्या तर समजायचं, हा आपलाच असावा.

या अंकाच्या संपादकांनी धंद्यातले अनुभव लिहून मागितले तेव्हा मी म्हटलं, साहेब, माझं शिक्षण मराठी चौथी. ते म्हणाले, चालेल. त्यांच्या घरचा कंदील त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडून जातो, त्यामुळं मला नाही म्हणवेना आणि त्यांनाही आता हे छापल्यावाचून सुटका नाही.

गिऱ्हाइकं तर एकेक वल्ली भेटली. कापसाचे एक दलाल दर संक्रांतीला येऊन विचारायचे, की कधीच कटणार नाही असा पतंग आहे का. एका वर्षी कंटाळून मी त्यांना दुकानाची फळी काढून दाखवली. एका नवरदेवाच्या आईनं भर मांडवातून बाशिंग परत पाठवलं, का, तर ते रात्रीतून आटलं. बाशिंग आटत नाही, नवरदेवाचं डोकं आईला वाटतं त्याहून मोठं असतं, हे मी तिला सांगू शकलो नाही. पण दुरुस्तीसाठी म्हणून माझ्या दुकानात आलेली वस्तू उभ्या जन्मात एकच. ती होती डॉक्टर सरनाईकांचं विमान.

लढाई संपली होती. वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चालायचा, आणि पतंगी कागद कुणाच्याच कारभारात नसल्यासारखा मिळेल तेव्हा मिळायचा. डॉक्टर आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहायचे. लढाईत ते ब्रह्मदेशाच्या अंगाला लष्करी इस्पितळात होते. तिथून परत आले ते एक ट्रंक, एक बिछाना आणि एक भलंमोठं खोकं घेऊन. मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या अफसरानं जाता जाता त्यांना आपलं विमान देऊन टाकलं होतं.

खेळण्यातलं विमान म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं पत्र्याचं येईल. हे तसं नव्हतं. माणसानं दोन्ही हात पसरावेत एवढे त्याचे पंख. सांगाडा विलायती लाकडाचा, इतका हलका की हातात धरल्यावर मला वाटलं हे आपलं बाशिंगाचं भेंडच. वरून रेशमी कागद. नाकात लिंबाएवढं इंजिन. ते चालायचं ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांच्या मिश्रणावर. तिन्ही वस्तू डॉक्टरांच्या घरात होत्याच, त्यामुळं विमान त्यांच्याकडे आलं ते योग्य ठिकाणी आलं असंच म्हणावं लागेल. इंजिन सुरू करायला पुढचा पंखा बोटानं फटकन फिरवावा लागे आणि तो उलटून बोटालाच फटका मारी. डॉक्टरांच्या त्या बोटाला कायम पट्टी असायची आणि पेशंट त्यांना हळद लावायला सांगायचे.

खरी गंमत पुढंच आहे. हे विमान जमिनीवरून चालवता यायचं, आणि तेही बिनतारी. डॉक्टर एक जड डबा जमिनीवर ठेवायचे, त्याला उंच दांडा लावायचे आणि हातात एक बटण घ्यायचे. बटण दाबलं की विमानाची शेपटी डावीकडे वळे. सोडलं की सरळ. पुन्हा दाबलं की मात्र उजवीकडे. म्हणजे आधी कुठं वळवलं होतं हे ध्यानात ठेवायचं. शेपटी हलवायला विमानाच्या पोटात एक रबर पिळून ठेवलेलं असे. दर वेळी बटण दाबलं की त्याचा थोडा पीळ सुटायचा.

कापसाच्या जिनाच्या मागच्या मैदानात डॉक्टर ते उडवायचे. सगळ्या मैदानाला एरंडेलाचा वास सुटे. एका दिवशी डॉक्टर डावं-उजवं विसरले आणि विमान सरळ कडुनिंबात शिरलं. खाली आलं ते गाठोड्यात बांधून न्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाई ते गाठोडं घेऊन माझ्या दुकानात आल्या. दिवाळी तोंडावर आलेली, दुकानभर कंदिलांचे सांगाडे. त्यांनी गाठोडं माझ्यासमोर उघडलं.

"करीमभाई, हे दुरुस्त होईल?"

"बाई, कागद फाटला तर कागद लावीन, काडी मोडली तर काडी. पन विमान मी कधी बनवलं नाही."

"डॉक्टर याला हात लावत नाहीत. म्हणतात, मोडलेलं जोडायचं काम मी पुष्कळ केलं." त्यांनी पंखाचा एक तुकडा उचलून परत गाठोड्यात ठेवला. मग म्हणाल्या, "मी घरात रोज म्हणते, पुन्हा पडलं तर बंबात घालीन. तसं मी म्हणतच राहणार. पण तुम्हाला खरं सांगते. डॉक्टर लढाईवरून परत आले असं सगळे म्हणतात. मला तसं वाटत नाही. जेवतात, दवाखान्यात बसतात, विचारलं तर उत्तर देतात. विमान वर गेलं की तेवढा वेळ मात्र मोठ्यानं हसतात. मी गच्चीवरून ऐकते."

मी म्हटलं, "उडवून देतो, बाई."

"उडायला काय, कावळाही उडतो," त्या म्हणाल्या. "ते परत आलं पाहिजे."

आमच्या घराण्यात अशी मागणी याआधी कुणीच केली नव्हती.

ज्यांच्या घरी असली वस्तू असेल त्यांच्यासाठी दुरुस्ती सांगून ठेवतो, बाकीच्यांनी चार ओळी खाली उतरलं तरी चालेल. पहिली अडचण तेलाची. एरंडेल पिऊन बसलेल्या लाकडाला कुठलाच चिकट पदार्थ धरत नाही. म्हणून मोडलेल्या भागावर टीपकागद ठेवून वरून कोमट इस्त्री फिरवायची, तेल कागदात उतरतं. मग मोडलेल्या पट्टीच्या दोन्ही अंगांना बांबूची बारीक सळई लावायची, दोऱ्यानं आवळायची आणि वरून सरस. ज्या ठिकाणी लाकडाचा पार भुगा झाला होता तिथं मी भेंड कापून बसवलं. कागद लावायला मैद्याची खळ. ती माझी बायको जैनब शिजवायची. त्यात चिमूटभर मोरचूद घालावंच लागतं, नाहीतर विमान उडण्याआधी झुरळांच्या पोटात जायचं. कागद लावल्यावर पाण्याचा हलका शिडकावा द्यायचा, वाळला की तो ताणून बसतो. त्यावर डॉक्टरांनी आपल्या कपाटातलं, जखम बंद करायला फासतात ते औषध आणून दिलं. ते वाळलं की कागद ढोलकीगत वाजायला लागला.

डॉक्टर रोज संध्याकाळी दुकानात येऊन बसायचे. हात लावायचे नाहीत, नुसते बघायचे. एकदा मी पंखाच्या मोडलेल्या बरगडीला सळई बांधत होतो तेव्हा म्हणाले, "करीमभाई, थोडं सैल बांधा. सूज आली तर जागा लागते." मग स्वतःच ओशाळून म्हणाले, "नाही, याला सूज येत नाही." मी तरी थोडं सैल बांधलं.

काम सुरेख झालं होतं. तिथंच थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण पतंगवाल्याच्या हाताला एक खोड असते. पतंग एका अंगाला झुकत असला की त्याला चैन पडत नाही. झुकणारा पतंग एकाच बाजूला गिरक्या घेतो, म्हणून हलक्या बाजूच्या टोकाला कागदाची किंवा चिंधीची छोटी पट्टी बांधायची. ती कन्नी. कन्नी बांधली की पतंग नाकासमोर जातो. मी विमान दोन बोटांवर तोललं, तर ते उजवीकडे झुकलं. शेपटीकडे पाहिलं, तर तिथंही मागची पट्टी उजवीकडे वाकलेली. मी मनाशी म्हटलं, कडुनिंबानं वाकवली.

जैनब खळीचं भांडं घासत होती. ती म्हणाली, "उसको हाथ मत लगाओ. टेढा था तो टेढाच दो."

"तुले काय समजते," मी म्हटलं. किटलीच्या वाफेवर ती पट्टी धरून सरळ केली आणि डाव्या पंखाच्या टोकाला पिवळ्या कागदाची नाजूक कन्नी चिकटवली. विमान बोटांवर असं समतोल राहिलं की मी ते शेजारच्या शिंप्यालाही बोलावून दाखवलं.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी मैदानात निम्मं खामगाव लोटलं. पंखा फिरला, डॉक्टरांच्या बोटाला फटका बसला, इंजिन तडतडलं आणि विमान वर गेलं. डॉक्टरांनी बटण दाबलं, ते डावीकडे वळलं. पुन्हा दाबलं, उजवीकडे. आणि डॉक्टर हसले. बाईंनी सांगितलं होतं ते हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. पोटातून येणारं, थांबवता न येणारं. लोकही हसायला लागले. मी तर इतका फुगलो की विचारू नका. डॉक्टर पेटी वाजवावी तसे बटण दाबत राहिले, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. मग एकाएकी विमान ऐकेना.

"हरकत नाही," डॉक्टर म्हणाले. "आतल्या रबराचा पीळ संपला. आता ते आपोआप उजवीकडे घिरट्या घालत राहील आणि तेल संपलं की इथंच उतरेल. त्या अफसरानं त्यासाठी शेपटीची पट्टी मुद्दाम वाकवून ठेवलीय."

"मुद्दाम?" मी म्हटलं.

"हो. काऊन?"

मी वर बघितलं. विमानाची पाठ आमच्याकडे होती आणि ते नाकासमोर चाललं होतं. माझ्या हातून इतका सरळ जाणारा पतंग आजवर बनला नव्हता. जिनाच्या धुराड्यावरून, बाभळींवरून, उंद्रीच्या रस्त्याच्या अंगाला ते बारीक बारीक होत गेलं. डॉक्टर रिकामं बटण दाबत उभे राहिले. मागून कुणीतरी सवयीनं, पतंग कटल्यावर ओरडतात तसं, "ओ काट" म्हणालं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी डॉक्टरांना तिथंच सगळं सांगितलं, कन्नीसकट. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "असू द्या, करीमभाई. जायचं ते जातं." आणि डबा उचलून घरी गेले. आम्ही चार जण सायकली घेऊन अंधार पडेपर्यंत रानं धुंडाळत होतो, काही सापडलं नाही. पुढचे दिवस डॉक्टर दवाखान्यात बसायचे, विचारलं तर उत्तर द्यायचे. डॉक्टरीणबाई एकदा दुकानावरून गेल्या. मला वाटलं, आता ऐकवतील. त्या नुसत्या मान हलवून पुढं गेल्या. जैनब खळीचं भांडं गरजेपेक्षा जास्त जोरानं घासत राहिली.

मग बाजाराच्या दिवशी उंद्रीच्या वाटेवरच्या एका लहान गावचा माणूस दुकानात आला. संक्रांतीचे पतंग आत्तापासून बनतात का ते विचारत होता. बोलता बोलता म्हणाला, "आमच्या गावात एक पाखरू उतरलं. गोदाबुढीच्या वावरात. पोटात तारा हायेत म्हनतात त्याच्या."

"एका पंखाले पिवळा कागद हाय का?"

"हाव. तुले कसं माहीत?"

मी दुकान उघडं टाकून डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी पेशंटच्या तोंडातलं थर्मामीटर तिथंच ठेवलं आणि उठले. बैलांची दमणी जोडली. डॉक्टरांनी डबा, दांडा, नवी बॅटरी असं सगळं बरोबर घेतलं, कारण विमानात जीव आहे की नाही ते त्यांना तिथल्या तिथं बघायचं होतं.

गोदाबाई म्हणजे एकटी राहणारी, काटक म्हातारी. तिची ज्वारी कणसात आलेली. वावराच्या मधोमध रोवलेल्या उंच लाकडी मेढीवर आमचं विमान बांधलेलं होतं. वाऱ्यावर त्याचा पुढचा पंखा गरगर फिरत होता आणि त्या वावरात औषधाला एक पाखरू नव्हतं. शेजारच्या वावरांत मात्र पाखरांचा बाजार भरला होता.

डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं, की हे माझं आहे.

"तुमचं कसं?" गोदाबाई म्हणाली. "वरतून पडलं. माह्या वावरात पडलं. म्या काही तुमच्या घरातून आनलं नाही. गोफन फिरवून फिरवून माहा खांदा गेला, अन् हे आल्यापासून मी दुपारची झोपून राह्यली."

गाव जमलं. पोलीस पाटीलही आले. डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगितलं. पाटील भला माणूस, पण त्याला न्यायानं चालायचं होतं. गोदाबाईनं माझ्याकडे बोट केलं.

"हा खामगावचा पतंगवाला न? याच्याच तोंडानं निवाडा होऊ द्या. सांग बे, पतंग कटून पडला तं कोनाचा?"

आता माझी पंचाईत बघा. संक्रांतीला दर वर्षी दुकानावर भांडणं यायची. पोराचा पतंग कुणी लुटला म्हणून बाप तणतणत यायचे, आणि मी त्यांना एकच ऐकवायचो: कटला तो लुटणाऱ्याचा. अख्ख्या खामगावाला आणि आसपासच्या गावांना मी ते शिकवलं होतं. आता उलट बोललो तर संक्रांतीला दुकान बंदच ठेवावं लागणार. आणि बोललो नाही तर डॉक्टर पुन्हा दवाखान्यात जाऊन बसणार.

"लुटनाऱ्याचा," मी म्हटलं.

डॉक्टरांनी मान खाली घातली. गोदाबाई म्हणाली, "झालं." लोक पांगायला लागले.

"पन पाटीलसाहेब," मी म्हटलं, "कटला तं लुटनाऱ्याचा. कटलाच नसन तं? दोर मालकाच्या हातात हाय, अन् पतंग दुसऱ्याच्या आवारात उतरला, तं?"

"तं मालकाचा," पाटील म्हणाले. "हे तं लेकरालेबी ठाऊक हाय."

"मंग याचा दोर अजून डाक्टरसाहेबाच्या हातात हाय."

सगळा जमाव हसला. गोदाबाई म्हणाली, "कुठी हाय? दाखव."

"दिसत नाही. पन हाय. डाक्टरसाहेब धुऱ्यावरून खेचतीन अन् हे इथं हालन."

"अन् नाही हाललं तं?"

"तं विमान तुमचं, अन् राखनीले मीबी तुमचा."

ही अट तिला पसंत पडली. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "तू मेढीवर बरा दिसशीन."

विमान मेढीवरून उतरवून तिच्या बाजेवर ठेवलं. मी पोटाचं दार उघडून नवी बॅटरी जोडली आणि रबराला पोटभर पीळ दिला. डॉक्टर डबा घेऊन पार धुऱ्यावर, वावराच्या बांधावर गेले, दांडा उभा केला आणि हात वर करून खूण केली. आम्ही सगळे शेपटीकडे बघत राहिलो. ती हलली नाही. डॉक्टरांनी परत खूण केली. तरी नाही. इथं मला माझी उरलेली उमर मेढीवर दिसायला लागली.

"सरक," गोदाबाई म्हणाली.

तेवढ्यात मला दिसलं, शेपटीच्या बिजागरीत ज्वारीच्या पानाचा एक फाटका तुकडा अडकला होता. मी तो नखानं ओढून काढला आणि डॉक्टरांकडे हात हलवला.

टक्.

शेपटी डावीकडे गेली. मग सरळ. मग टक्, उजवीकडे. जमाव दोन पावलं मागं सरला. पाटलांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. गोदाबाई मात्र जागची हलली नाही. तिनं कमरेचा विळा काढला आणि बाजेपासून धुऱ्याच्या दिशेनं चालत हवेत सपासप फिरवायला सुरुवात केली. आधी कमरेएवढ्या उंचीवर, मग डोक्यावरून, मग खाली वाकून. दोर तुटतो का बघत होती. तिकडे डॉक्टर बटण दाबतच होते, इकडे शेपटी टक् टक् करतच होती, आणि म्हातारी विळा घेऊन त्यांच्या मधून चालली होती. ती पार डब्यापर्यंत पोचली आणि दांड्याच्या भोवतीसुद्धा तिनं विळा फिरवला, तेव्हा डॉक्टर हसायला लागले. तेच हसणं. वावराच्या या टोकापर्यंत ऐकू आलं. मग गोदाबाईही हसली आणि सगळं गाव हसलं. मी विमानाला धक्का न लावता बाजेच्या कडेला बसून घेतलं.

"दोर हाय," पाटलांनी निवाडा दिला.

गोदाबाई डॉक्टरांबरोबर परत आली. विळा कमरेला खोचून ती विमानाकडे बघत उभी राहिली. मग डॉक्टरांना म्हणाली, "न्या तुमचं. पन एक काम करा माहं."

"बोला, आजी."

"माहा किसन लढाईवर गेला व्हता. लढाई सरली, बाकीचे घरी आले. हा तिकडंच राह्यला, कामठीले नोकरीत हाय म्हनतात. माहं कोनी मेलं नाही, पन घरी कोनी आलंबी नाही. ते बटन एकडाव त्याच्यासाठी दाबता का?"

कुणीच हसलं नाही. मला वाटलं, डॉक्टर तिला समजावून सांगतील की याचा पल्ला फार नसतो, माणसाच्या पोटात रबर नसतं, वगैरे. त्यांनी पाटलांना विचारलं, "कामठी कोणत्या अंगाला?" पाटलांनी सूर्य उगवतो तिकडे हात केला. डॉक्टर पुन्हा धुऱ्यावर गेले. दांडा उपसून त्यांनी तो नीट उगवतीच्या बाजूला उभा केला. बराच वेळ ते तसेच त्या दिशेला बघत उभे होते. मग त्यांनी बटण दाबलं आणि दाबून धरलं.

बाजेवर विमानाची शेपटी टक्कन वळली.

"हालला," गोदाबाई म्हणाली. तिनं स्वतःच विमान उचललं, पदरानं पुसलं आणि धुऱ्यावर नेऊन डॉक्टरांच्या हातात दिलं.

पाखरांची सोय मी करून दिली. त्याच आठवड्यात बांबूचं आणि कंदिलाच्या कागदाचं एक भलंमोठं विमान तिच्या मेढीवर बांधून आलो. पुढच्या हंगामात आसपासच्या गावांतून तशी इतकी मागणी आली की जैनबला खळ पुरवता पुरवेना. किसन पोळ्याला घरी आला, असं मागाहून कळलं. बटणामुळं आला असं गाव म्हणतं, सुट्टी मिळाली म्हणून आलो असं किसन म्हणतो. मी कुणाच्याच बाजूनं बोलत नाही, मी एकदा निवाड्यात पडून पाहिलं आहे.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. खामगावला येईपर्यंत दमणीत डॉक्टर अखंड बोलत होते. इस्पितळातलं, तिथल्या पावसातलं, तिथं दगावलेल्या पोरांचं, त्या गोऱ्या अफसरानं विमान का दिलं त्याचं. मी नुसता हुंकार देत होतो. मांडीवर विमान होतं. आमच्या घराण्याच्या हातून गेलेली आणि परत आलेली ती एकच वस्तू, आणि तिची पिवळी कन्नी मी वाटेतच हळूच काढून खिशात घातली.

गल्लीत शिरलो तेव्हा डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या. डॉक्टरांचा आवाज त्यांनी कोपऱ्यावरूनच ऐकला असावा. विमानाकडे त्यांनी पाहिलंच नाही. डॉक्टर उतरले तरी बोलतच होते, विळ्याची गोष्ट हातवारे करून सांगत होते. बाईंनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"बंब पेटवलाय," मग त्या म्हणाल्या. "आधी आंघोळ करून घ्या."

डॉक्टरांनी झटकन विमान माझ्या हातून घेऊन छातीशी धरलं. "कशावर पेटवलाय?"

"गोवऱ्यांवर," बाई म्हणाल्या. "आज तरी."